कुलूप लागलेल्या घरांचे काय करायचे?

वाचकांचे प्रश्न : सामाजिक संशोधनातील संख्यात्मक पद्धती

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे पीएच.डी. आणि एम.एस.डब्ल्यू. करणाऱ्या विद्यार्थ्यांची आहेत, आणि त्यांतली काळजी जवळपास एकच आहे : गणित सुटावे म्हणून सामाजिक शास्त्राकडे वळलो आणि आता प्रबंधाच्या वेळी संख्याशास्त्र पुढे येऊन उभे राहिले. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न नीट समजला की बाकीच्या पत्रांतली अर्धी अडचण दूर होते.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी समाजशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. विषय ऊसतोड कामगार कुटुंबांतील मुलींचे शिक्षण असा असून बीड जिल्ह्यातील दोन तालुके निवडले आहेत. मार्गदर्शक सरांनी एक तक्ता दाखवून सांगितले की नमुना ३८४ चा घ्या, म्हणजे कोणी हरकत घेणार नाही. ३८४ च का, हे मला माहीत नाही आणि विचारायला संकोच वाटला. दहावीनंतर माझा गणिताशी संबंध आलेला नाही. शिकायला कुठून सुरुवात करू? आणि प्रश्नावली व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून ३८४ चा आकडा पूर्ण केला तर चालेल का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : जो प्रश्न विचारायला तुम्ही संकोचलात तोच आधी घेते. सरांनी दाखवलेला तक्ता बहुधा क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला असावा. त्यामागचे गणित दहावीपर्यंतचेच आहे. समजा, तुम्हाला आठवीनंतर शाळा सोडलेल्या मुलींची टक्केवारी काढायची आहे. तुमचे उत्तर खऱ्या टक्केवारीच्या वर किंवा खाली ५ पेक्षा जास्त सरकू नये आणि शंभरांपैकी ९५ वेळा तरी तसेच घडावे, एवढी तुमची अपेक्षा आहे. या ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ हा गुणक वापरतात. त्याचा वर्ग ३.८४१६. शाळा सोडणाऱ्या मुलींचे प्रमाण आधी माहीत नसते, म्हणून सर्वांत अवघड परिस्थिती, म्हणजे निम्म्या सोडतात आणि निम्म्या सोडत नाहीत, अशी धरतात, ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५. आता ३.८४१६ ला ०.२५ ने गुणा, ०.९६०४ येतात, त्याला ०.०५ च्या वर्गाने, म्हणजे ०.००२५ ने भागा, ३८४.१६ येतात. ३८४ चा जन्म असा आहे. हे एकदा वहीत स्वतःच्या हाताने करून पाहा, म्हणजे त्या तक्त्याचा धाक राहणार नाही.

मात्र हे गणित काही गोष्टी गृहीत धरून चालते आणि तुमच्या अभ्यासक्षेत्रात नेमक्या त्याच गोष्टी मिळत नाहीत. पहिले गृहीत असे की दोन्ही तालुक्यांतील सगळ्या ऊसतोड कुटुंबांची यादी तुमच्या हातात आहे आणि तिच्यातून चिठ्ठ्या टाकून एकेक कुटुंब उचलले आहे. प्रत्यक्षात तुम्ही काही गावे किंवा तांडे निवडाल आणि प्रत्येक तांड्यावर वीस-वीस घरी जाल. एका तांड्यावरची घरे पुष्कळ बाबतींत सारखी असतात : मुकादम एक, शाळा एक, शाळेपर्यंतचा रस्ता एक. त्यामुळे विसावे घर तुम्हाला पहिल्या घराइतके नवे काही सांगत नाही. हे साम्य अगदी किरकोळ धरले, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ ज्याला अंतर्गट सहसंबंध म्हणतात तो ०.०५ मानला, तरी वीस घरांच्या गटामागे नमुन्याची गरज १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पट होते. सरळ भाषेत, तुमच्या ३८४ घरांची किंमत स्वतंत्रपणे निवडलेल्या सुमारे १९७ घरांएवढीच उरते. त्याच श्रमात तांडे वाढवून प्रत्येक तांड्यावरची घरे कमी केली, तर हाती अधिक लागेल.

दुसरे गृहीत असे की संपूर्ण नमुन्यासाठी तुम्हाला एकच टक्केवारी हवी आहे. तुम्ही तर पुढे जाऊन हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुली, आजीपाशी राहणाऱ्या मुली आणि आईवडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या मुली अशी तुलना करणार. यांपैकी एखाद्या गटात ६० च मुली आल्या, तर त्या गटापुरती चूक वर-खाली ५ ची न राहता जवळजवळ १३ ची होते. म्हणून एकूण नमुना किती हा प्रश्न नंतरचा. सर्वांत लहान गटात किती मुली हव्यात, ते आधी ठरवावे.

या दोन्ही अडचणी अधिक घरे घेऊन भागवता येतात. तिसरी अडचण तशी भागत नाही, आणि तिच्याबद्दल मी स्वतःचा अनुभव सांगते. शिक्षण संपल्यावर मी एका सर्वेक्षणात क्षेत्र अन्वेषक म्हणून काम केले. मराठवाड्यातील काही गावांत शाळेत जाणाऱ्या मुलांची मोजणी होती आणि आम्ही गेलो जानेवारीत. घरांची यादी चांगली होती, निवडही चिठ्ठ्यांनी केलेली होती. परंतु निवडलेल्या जवळपास दर चौथ्या घराला कुलूप होते. आम्हाला सूचना अशी होती की घर बंद असेल तर शेजारचे उघडे घर घ्यावे. आम्ही तसेच केले. नमुना ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला आणि शाळेतील हजेरीचे प्रमाण फारच समाधानकारक निघाले. अहवालाचा मसुदा वाचणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी माझी क्षेत्र-दैनंदिनी मागवून घेतली. तिच्या समासात मी जागोजागी ‘कुलूप’ असे लिहून ठेवले होते. त्यांनी एवढेच विचारले, “ही माणसे कुठे आहेत?” ती माणसे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर गेलेली होती आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही. ज्या मुलांची शाळा सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त, तीच आमच्या तक्त्यात नव्हती. त्यांच्या जागी शेजारच्या घरात राहणारी, रोज शाळेत जाणारी मुले आम्ही लिहून आणली होती. नमुना दहापट केला असता तरी ही चूक तसूभरही कमी झाली नसती.

तुमच्या विषयात तर ही कुलूपबंद घरे हाच मुख्य मामला आहे. म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, आणि अंगणवाडी सेविकेची कुटुंबनोंदवही या दोन्हींवरून यादी तयार करा, कारण ज्यांचे स्वतःचे घर नाही त्यांचे नाव पहिल्या यादीत सापडेलच असे नाही. गाळप संपून माणसे परत आल्यावर, एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, घरोघर जा. जमल्यास हंगामात एकदा कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवरही, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, जाऊन या. गावी ऐकलेली उत्तरे आणि कोपीवर डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी यांत अंतर पडते की नाही, ते कळेल. निवडलेले घर बंद असेल तर ‘बंद’ अशीच नोंद करा, तीनदा जा, शेजाऱ्यांकडून कारण लिहून घ्या, आणि प्रबंधात अशी घरे किती होती ते स्पष्टपणे छापा. परीक्षक त्याला उणीव म्हणाले, तरी ती लपवण्यापेक्षा सांगितलेली बरी.

व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले आहे. ज्या आईच्या हाती स्मार्टफोन आहे, जिला तो अर्ज वाचता येतो आणि भरायला सवड आहे, तीच उत्तर देईल. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या आणि सुमारे २४ लाख भरून परत आल्या. त्यांवरून रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन यांना सुमारे ५७ टक्के मते मिळतील असे भाकीत त्यांनी छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट जवळपास ६१ टक्के मते घेऊन निवडून आले. नावे मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि मतपत्रिका भरून पाठवण्याची तसदी घेणारे लोकही इतरांसारखे नव्हते. त्या २४ लाखांपुढे तुमच्या ३८४ चा काय पाड?

आता शिकायचे कोठून ते सांगते. संगणकाला महिनाभर हात लावू नका. तुमची प्रश्नावली घेऊन एका तांड्यावर जा आणि तीस घरांची माहिती भरून आणा. ती कागदावर मोजा : चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. वयाची सरासरी काढा, मध्यमा, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा, काढा, आणि उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ मिळणाऱ्या, रकमेच्या बाबतीत या दोन आकड्यांत अंतर का पडते ते एकेक अर्ज पाहून शोधा. मग दोन गोष्टींचा एकत्र तक्ता करा आणि टक्केवारी कोणत्या दिशेने काढायची ते पक्के शिका. हे न कळल्यामुळे बिघडलेले प्रबंध मी पुष्कळ पाहिले आहेत. समजा, १०० मुली आहेत; ६० स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या आणि ४० न करणाऱ्या. एकूण ३० मुलींनी शाळा सोडली, त्यांत २४ पहिल्या गटातल्या आणि ६ दुसऱ्या. ‘शाळा सोडलेल्या मुलींपैकी ८० टक्के स्थलांतरित घरांतल्या आहेत’ हे वाक्य खरे आहे. ‘स्थलांतरित घरांतल्या ८० टक्के मुली शाळा सोडतात’ हे मात्र साफ चूक आहे, कारण ६० पैकी २४ म्हणजे ४० टक्के. तुमच्या विषयात तुलना करायची ती ४० टक्के आणि दुसऱ्या गटातील १५ टक्के यांची. एवढे हातात बसले की काय-वर्ग चाचणी, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का ते तपासण्याची रीत, तुम्हाला एका दुपारी समजेल.

आणखी एक. त्या तांड्यावर ‘तुमची दिवसाची मजुरी किती?’ असा प्रश्न बाईला विचारून पाहा. तिला उत्तर देता येणार नाही, आणि तो तिचा दोष नाही. तोडणीचा हिशेब कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर आणि टनावर होतो, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडलेली असते. प्रश्नावलीतला ‘व्यक्तिगत उत्पन्न’ हा रकाना तिथल्या व्यवहारात अस्तित्वातच नाही. असा रकाना काढून टाकण्याचा निर्णय कोणतेही सॉफ्टवेअर घेत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवतो. बचत गटांमुळे झालेल्या महिला सक्षमीकरणाचा अभ्यास करताना एका इंग्रजी मापनश्रेणीचे भाषांतर करून २० विधाने वापरली. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय होते. क्रॉनबाख अल्फा ०.९१ आला, म्हणजे साधन उत्तम. तरीही परीक्षकांनी ‘मापनाची सप्रमाणता सिद्ध होत नाही’ असा शेरा दिला. हा अन्याय नाही का?
— एक प्राध्यापक, सांगली जिल्हा

उत्तर : सर, शेरा योग्य आहे असे मला वाटते, आणि का ते सांगते. क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा विश्वसनीयतेचे एक अंग दाखवतो : वीस विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळून येतात. ती ज्या गोष्टीवर जुळली ती गोष्ट सक्षमीकरणच आहे की दुसरेच काही, हे अल्फा सांगत नाही. तुमची सगळीच विधाने होकारार्थी असतील आणि अन्वेषक म्हणून महाविद्यालयाचे विद्यार्थी वही-पेन घेऊन गेले असतील, तर पाहुण्यांचे मन मोडू नये म्हणून बायका प्रत्येक विधानाला ‘हो’ म्हणतात. वीसही विधानांना हो म्हटले की उत्तरे छान जुळतात आणि अल्फा वर चढतो. तुमच्या ०.९१ मध्ये या सौजन्याचा वाटा किती, हे तपासायला काही विधाने उलट्या अर्थाची घालावी लागतात.

भाषांतराची अडचण याहून खोल आहे. ‘घरातील आर्थिक निर्णयांत माझा सहभाग असतो’ असे विधान मी एकदा एका बाईंना वाचून दाखवले. ज्वारी पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, “विचारत्यात की मला. म्हंजी सांगत्यात.” आता या उत्तरासमोर पाचांपैकी कोणत्या पर्यायावर खूण करायची? सहमत-असहमत अशा पर्यायांची जी पद्धत लायकर्ट यांनी १९३२ साली मांडली ती वाचून, मनात तोलून खूण करणाऱ्या माणसासाठी होती. तोंडी मुलाखतीत ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांतला फरक बहुतेक वेळा अन्वेषकच ठरवतो. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचारा. गेल्या दिवाळीपासून ५०० रुपयांवरची कोणती वस्तू तुम्ही कोणाला न विचारता घेतली? गटाचे कर्ज तुमच्या नावावर निघाले, त्याचे पैसे कोणाच्या हाती गेले आणि हप्ता कोण भरते? माहेरी जायचे तर कोणाला विचारावे लागते? या उत्तरांची मांडणी करणे जड जाते, परंतु त्यांतून आलेला आकडा कशाचा आहे ते ठामपणे सांगता येते. आणि एका प्रश्नात दोन गोष्टी येऊ देऊ नका. ‘शाळेतील शिकवणे आणि शालेय पोषण आहार समाधानकारक आहे का?’ या प्रश्नाला, शिकवणे चांगले पण खिचडी पातळ असे मानणारी आई काय उत्तर देणार?

आपण काय मोजतो आहोत याची व्याख्या बदलली की निष्कर्ष किती बदलतो, याचे मोठे उदाहरण पुण्यातच घडले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा माणशी रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही त्यांनी कसोटी धरली आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या तक्त्यांवरून गरिबांचे प्रमाण काढले. नमुना पाहणीच्या शास्त्रात ज्यांचे नाव जगभर घेतले जाते ते पां. वा. सुखात्मे यांनी अशा कसोटीवर आक्षेप घेतला : माणसाची उष्मांकांची गरज स्थिर नसते, एकाच माणसाचीही ती काळानुसार बदलते, म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेला प्रत्येक जण अर्धपोटी मानला तर प्रमाण फुगते. दांडेकरांना हे मान्य नव्हते आणि हा वाद वर्षानुवर्षे चालला. बेरीज-वजाबाकी चुकल्याचा आरोप तेथे मुख्य नव्हता. ‘उपाशी कोणाला म्हणायचे’ यावर मतभेद होता. तुमच्या प्रबंधात ‘सक्षम कोणाला म्हणायचे’ यावर तीन-चार पाने असतील आणि त्या व्याख्येपासून प्रत्येक विधानापर्यंत वाट दाखवलेली असेल, तर परीक्षकांचा शेरा निघून जाईल.

प्रश्न : माझ्या एम.फिल.च्या काळातील माहितीवर मी लेख लिहीत आहे. दोन गटांतील फरकासाठी पी-मूल्य ०.०७ आले. एका वरिष्ठांनी सुचवले की ‘विसंगत’ वाटणारे सात-आठ अर्ज काढून टाका, ते ०.०५ च्या खाली येईल. नाहीतर लेख कोणी छापणार नाही. असे करतात का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : करतात, आणि ते करू नये. निकाल पाहून झाल्यावर अर्ज निवडणे म्हणजे उत्तर आधी ठरवून साक्षीदार गोळा करणे. एखादा अर्ज खरोखरच सदोष असेल, वयाच्या रकान्यात १५० लिहिलेले असेल, तर तो विश्लेषण सुरू होण्याआधी, लेखी नियम करून आणि दोन्ही गटांना सारखाच लावून काढावा.

पी-मूल्याचा अर्थ एवढाच की दोन गटांत खरोखर काहीच फरक नसता, तरीही निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरांत सुमारे ७ आहे. तुमची परिकल्पना खरी असण्याची शक्यता ९३ टक्के आहे, असा त्याचा अर्थ नाही. ०.०५ ही सीमा फिशर यांच्या १९२५ सालच्या पाठ्यपुस्तकामुळे रूढ झाली आणि त्यांनी ती सोयीची म्हणून सुचवली होती. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ साली निवेदन काढून बजावले की पी-मूल्याने एखादी सीमा ओलांडली की नाही, एवढ्यावरच शास्त्रीय निष्कर्ष किंवा धोरण ठरवू नये.

म्हणून लेखात फरक किती आहे ते लिहा आणि त्याच्या विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा ते आकडे, द्या. समजा, फरक ८ टक्क्यांचा आहे आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा उणे १ पासून अधिक १७ पर्यंत आहेत. याचा अर्थ, तुमच्या माहितीशी ‘फरक नाही’ हेही जुळते आणि ‘फरक चांगलाच मोठा आहे’ हेही जुळते. नमुना लहान असल्याने याहून अधिक नेमके बोलता येत नाही. असे लिहिणारा लेख मला प्रामाणिक वाटतो. याउलट, वीस निरनिराळे प्रश्न घेऊन प्रत्येकावर चाचणी लावली आणि जो ‘सार्थक’, म्हणजे ०.०५ च्या खालचा, निघाला तेवढाच छापला, तर ती फसगत आहे. प्रत्यक्षात कोठेही फरक नसला आणि चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तरी वीसांपैकी निदान एक चाचणी ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. किती चाचण्या केल्या, हे वाचकाला सांगावेच लागते.

प्रश्न : एसपीएसएस हे संख्याशास्त्रीय विश्लेषणाचे सॉफ्टवेअर विकत घेणे परवडत नाही. घरी बसून, शिकवणी न लावता, संख्यात्मक विश्लेषण शिकता येईल का? सरावाला खरी माहिती कुठे मिळेल?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : येईल. ‘आर’ ही संगणकभाषा विनामूल्य आहे. ऑकलंड विद्यापीठातील इहाका आणि जेंटलमन यांनी ती १९९० च्या दशकात सुरू केली आणि आज जगभर वापरली जाते. आज्ञा टंकलिखित करण्याची भीती वाटत असेल, तर ‘जामोवी’ किंवा ‘पीएसपीपी’ घ्या. तीही विनामूल्य आहेत आणि एसपीएसएसप्रमाणेच खिडक्यांतून चालतात. माझे मत असे की उशिरा का होईना, आज्ञा लिहायची सवय लावावी, कारण काय केले याची नोंद त्यातून आपोआप राहते आणि सहा महिन्यांनी चूक शोधता येते.

सरावासाठी केंद्राच्या सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करा. २०१७-१८ पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची घटकस्तरीय माहिती, म्हणजे नावे वगळून एकेका व्यक्तीच्या नोंदी, तेथे विनामूल्य मिळते. अहवालातला एखादा छापील आकडा घ्या, समजा ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांचा श्रमसहभाग, आणि तोच आकडा मूळ नोंदींवरून स्वतः काढायचा प्रयत्न करा. पहिल्यांदा तो जुळणार नाही. कारण बहुधा असे असेल की तुम्ही भारांक लावले नाहीत : नमुन्यातील प्रत्येक कुटुंब देशातील सारख्याच संख्येच्या कुटुंबांच्या वतीने बोलत नसते, कोणी हजारांच्या वतीने बोलते तर कोणी त्याच्या कित्येक पटींच्या. छापील आकडा जुळेपर्यंत जे शिकाल, ते कोणत्याही आठवडाभराच्या कार्यशाळेत मिळत नाही.

संकेतपुस्तिका आधी वाचा. ‘माहीत नाही’ या उत्तराला ९९ हा संकेत दिलेला असतो आणि संगणकाला तसे सांगितले नाही तर तो त्याला खरा आकडा समजतो. नऊ मुलींचे सरासरी शिक्षण ७ वर्षे आणि दहाव्या मुलीच्या रकान्यात ९९ असेल, तर दहा जणींची सरासरी १६.२ वर्षे येते. असा आकडा छापील लेखात गेलेला मी पाहिला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून साष्टी तालुक्यातील आमच्या गावातून किती माणसे परदेशी गेली याची मोजणी करू इच्छितो. कोणी आखातात आहेत, कोणी बोटीवर, आणि अलीकडे अनेक जण ब्रिटनमधील स्विंडनला गेले. गाव लहान आहे. नमुना किती घ्यावा आणि कोणती चाचणी लावावी?
— एक वाचक, गोवा

उत्तर : सर, गाव लहान असेल तर नमुना घेऊच नका, सगळी घरे मोजा. सगळी मोजली की नमुन्याच्या चुकीचा प्रश्न उरत नाही, आणि गावापुरते बोलायचे असेल तर सार्थकता चाचणीचीही गरज नाही. केवळ मोजणी चोख हवी.

केरळमध्ये १९९८ पासून स्थलांतराची जी मोठी सर्वेक्षणे होत आली, त्यांत घरी असलेल्या माणसांना ‘या घरातले कोण बाहेर आहे?’ असे विचारतात. आखातात किंवा बोटीवर गेलेल्यांसाठी ही रीत उत्तम, कारण आई, बायको किंवा भाऊ घरी असतात. पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनला गेलेले कुटुंब मात्र पुष्कळदा सगळेच्या सगळे गेलेले असते आणि उत्तर द्यायला दारात कोणी नसते. उघड्या घरांतूनच माहिती घेतलीत, तर आखात जास्त आणि स्विंडन कमी असे चित्र निघेल. अंबाजोगाईच्या विद्यार्थिनीला जे लिहिले तेच येथे लागू आहे. फेस्ताच्या किंवा नाताळच्या दिवसांत मोजणी केलीत तर उलटी गफलत होईल : सुट्टीवर आलेली माणसे गावात राहणारी म्हणून लिहिली जातील. त्यासाठी ‘राहतो’ म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या. गेल्या बारा महिन्यांपैकी सहा किंवा अधिक महिने या घरात, अशी व्याख्या चालेल.

वाड्यावाड्यांप्रमाणे घरांना अनुक्रमांक द्या आणि वहीत एका घराला एक ओळ ठेवा : घर उघडे, बंद, की राखणदाराकडे, बंद असल्यास केव्हापासून, हे कोणी सांगितले, शेजाऱ्याने की नातेवाइकाने, आणि दोन शेजाऱ्यांचे सांगणे जुळते का. नावे वहीत लिहू नका, अनुक्रमांक पुरे, आणि पारपत्र कोणत्या देशाचे हे विचारू नका. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे त्या प्रश्नाने माणसे दार लावून घेतील आणि पुढच्या वाड्यावर तुमच्या आधी ती बातमी पोहोचेल. कोणत्या देशात आणि कोणत्या साली गेले, एवढे विचारलेत तरी तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मोजणी जूनच्या मध्यानंतर सुरू करा, तोपर्यंत मे महिन्यात आलेली बहुतेक मंडळी परत गेलेली असतील.